विरणारा टाका

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बेलपाड्यात आमच्या शेजारच्या घरी नातू झाला. सूनबाईचे बाळंतपण सोपे गेले नाही. पोटावर शस्त्रक्रिया करून मूल बाहेर काढावे लागले. पाचव्या दिवशी ती घरी आली तेव्हा अंगणात पोरांचा किल्ला बांधण्याचा गलका चालला होता, घरात चकलीच्या भाजणीचा खमंग वास दरवळत होता, आणि उंबरठ्याशी आजी भाकरतुकडा घेऊन उभी होती. तुकडा ओवाळून टाकला, बाळाच्या नि बाळंतिणीच्या डोळ्यांना पाणी लावले, आणि मग आजीने मुलाला विचारले, "टाके कधी काढायचे?"

"काढायचे नाहीत, आये. आपोआप विरघळतील. डॉक्टरीणबाईंनी तसंच सांगितलंय."

आजी तेव्हा काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र आमच्या ओटीवर येऊन बसली. म्हणाली, "मास्तर, तुम्ही पोरांना शिकवता, तर मला एवढं सांगा. मी जन्मभर गोधड्या शिवल्या. कापड फाटलं तरी टाका राहिला पाहिजे, ही माझ्या आईची शिकवण. आणि हे म्हणतात, विरघळणारा दोरा! विरघळतो तो दोरा कसला? आत पोट उसवलं म्हणजे?"

मी तिला त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. पण ते उत्तर माझे मलाच पुरेसे वाटेना. जो दोरा जितका टिकेल तितका चांगला, ही समजूत आजीची एकटीची नाही. जगातल्या मोठमोठ्या शस्त्रवैद्यांनीही शतकानुशतके तीच धरून ठेवली होती. ती सुटली कशी, हे शोधू लागलो तेव्हा एक मोठी गमतीची आणि काही ठिकाणी मन अस्वस्थ करणारी कथा हाती आली. तिचे धागे सुश्रुतापासून पुण्याच्या कुंभारापर्यंत आणि मिरजेपासून अमेरिकेपर्यंत पसरलेले आहेत. सणाच्या दिवशी फराळाची ताटली बाजूला ठेवून वाचकांनी ती ऐकावी.

आरंभ आपल्या घरापासून करू. आयुर्वेद आमच्या पनवेलला परका नाही. श्रीधूतपापेश्वरचा औषधांचा कारखाना इथे १८७२ साली निघाला. पण आयुर्वेद म्हटले की आपल्याला काढे आणि चाटण आठवतात, शस्त्र आठवत नाही. सुश्रुतसंहिता हा ग्रंथ मात्र शस्त्रवैद्याचा आहे. १८३५-३६ साली कलकत्त्यास मधुसूदन गुप्त यांनी तो प्रथम छापून काढला, आणि पुढे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्याकडून तो शोधून घेऊन प्रसिद्ध केला. त्याच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात जखम कशी शिवावी हे सांगितले आहे. तो भाग वाचताना एखाद्या कसबी शिंप्याशी आपण बोलत आहोत असा भास होतो.

दोरा कशाचा घ्यावा? बारीक सूत, अंबाडीसारख्या शणाचा धागा, जवसाच्या झाडाचा धागा, जनावराचा स्नायू, केस, मूर्वेचे तंतू, गुळवेलीचे तंतू. आणि या यादीत आणखी एक नाव आहे: अश्मंतकाची साल. अश्मंतक म्हणजे आपला आपटा! दसऱ्याला ज्याची पाने आपण सोने म्हणून एकमेकांच्या हातावर ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी केरात लोटतो, त्या झाडाच्या सालीच्या धाग्याने कधी काळी माणसांची अंगे शिवली जात असत.

टाक्यांचे प्रकारही चार सांगितले आहेत. वेल्लितक म्हणजे वेलीसारखा वळत जाणारा. गोफणिका म्हणजे गोफणीच्या विणीसारखा. तुन्नसेवनी म्हणजे फाटके वस्त्र रफू करावे तसा. आणि ऋजुग्रंथी म्हणजे सरळ, सुटा, गाठीचा. सुया कुठे सरळ घ्याव्यात, पोटासारख्या नाजूक जागी धनुष्यासारखी वाकडी सुई का घ्यावी, तेही सांगितले आहे. टाका फार दूर घातला तर जखमेच्या कडा दुखतात, फार जवळ घातला तर कड फाटते. शिवण्यापूर्वी जखमेतली धूळ, केस, नखे, हाडाचे सुटे तुकडे काढून टाकावेत, नाहीतर जखम पिकते. आणि शिष्याने प्रथम हात बसवावा तो कापडाच्या आणि मऊ चामड्याच्या कडांवर. आमच्या आजीला हे सारे वाचून दाखवले तेव्हा तिने मान डोलावली. तिच्या ओळखीचेच शास्त्र होते ते.

पण याच ग्रंथात, पोटाच्या रोगांच्या चिकित्सेत, एक असा टाका आहे की तो ऐकून आजीनेही तोंडावर हात ठेवला. आतड्याला छिद्र पडले तर काय करावे? आतडे शिवण्याचा दोरा पुढे काढायचा कसा? तर छिद्राच्या कडा एकत्र आणाव्यात आणि त्यांवर मोठे काळे मुंगळे चावू द्यावेत. मुंगळ्याने दोन्ही कडा जबड्यात पकडल्या की त्याचे धड कापून टाकावे आणि डोके तसेच राहू द्यावे. मग आतडे पोटात सारून वरून शिवावे. लहानपणी ज्याला आंब्याच्या झाडाखाली मुंगळा डसला असेल त्याला ही पकड काय असते ते सांगायला नको. धड तोडले तरी जबडा सुटत नाही.

इथे एक मोह आवरला पाहिजे. विरघळणारा टाका आमच्या पूर्वजांनी दोन हजार वर्षांपूर्वीच शोधला होता, असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. तसे त्या ग्रंथात म्हटलेले नाही. आपट्याची साल शरीरात विरत नाही, आणि विरणे हा दोऱ्याचा गुण म्हणून तिथे कुठे सांगितलेला नाही. मात्र एक गोष्ट त्या वैद्याने नेमकी ओळखली होती. पोटाच्या आत घातलेला टाका पुन्हा काढता येत नाही, तेव्हा तो असा हवा की आत राहिला तरी चालेल. प्रश्न त्याने अचूक मांडला होता. उत्तराला पुढे फार दिवस लागले.

आता दुसरा धागा आपल्या पुण्याचा. १७९२ साली टिपू सुलतानाशी लढाई चालू असताना इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. कागदोपत्री त्याचे नाव कावसजी असे नोंदले आहे. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. वर्षभराहून अधिक काळ तो बिनानाकाचा राहिला. त्यानंतर पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. हा माणूस ना वैद्य होता ना शास्त्री. तो विटा करणाऱ्या जातीचा, म्हणजे कुंभार होता.

त्याने आधी मेणाचे नाक करून ते कापलेल्या जागी बसवून पाहिले. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवले, त्याची रेघ आखली आणि तेवढी कातडी कपाळावरून सोडवली. भुवयांच्या मध्ये मात्र एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवली, म्हणजे रक्ताचा पुरवठा तुटू नये. ती कातडी पिळा देऊन खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. आणि शिवले कशाने? शिवलेच नाही! पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून पाचसहा पट्ट्या एकावर एक बसवल्या. बस्स! चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवले. सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली पट्टी कापली, आणि नाक आपल्या पायावर उभे राहिले.

कात म्हणजे आपल्या विड्यातला कात, खैराच्या लाकडापासून काढलेला. आमच्या रायगड जिल्ह्यातल्या कातकरी समाजाला नावच त्या धंद्यावरून मिळाले असे सांगतात. कात तुरट; तो कातडी आवळतो, कडा धरून ठेवतो, आणि काम झाले की पाण्याने धुऊन जातो. टाका काढण्याची यातना नाही, आणि टाक्याच्या भोकांचे व्रणही नाहीत.

हे सारे इंग्रज कंपनीच्या नोकरीतल्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी पाहिले. पुण्यात राहून पेशवे दरबारातील मंडळींची चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शस्त्रवैद्याने वीस वर्षे विचार आणि अभ्यास केला, १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. आज युरोपात नाक घडवण्याच्या शस्त्रक्रियेचा नवा इतिहास तिथून सुरू करतात.

त्याच दशकात विलायतेतल्या मोठ्या माणसांच्या नशिबी काय होते ते पाहा. १७९७ च्या जुलैत इंग्रजांचा आरमारी सेनापती नेल्सन याचा उजवा हात लढाईत निकामी झाला आणि जहाजावरच तो कापावा लागला. रक्तवाहिन्या रेशमाच्या दोऱ्याने बांधल्या आणि रिवाजाप्रमाणे दोऱ्याची लांब टोके जखमेबाहेर लोंबती ठेवली. आतला दोरा कुजून सुटला की टोक ओढून बाहेर काढायचे, ही पद्धत. डॉक्टर रोज टोक ओढून पाही. दोरा सुटत नसे, आणि नेल्सन वेदनेने तळमळे. अखेर डिसेंबरात दोरा निघाला तेव्हा कुठे त्याला झोप लागली, आणि त्याने देवळात आभाराची प्रार्थना करविली. ज्याच्याजवळ राज्यातली उत्तम वैद्यकी होती त्याचे पाच महिने एका न विरणाऱ्या दोऱ्याने खाल्ले!

आणि नेल्सन नशीबवान म्हणायचा. दोरा जंतूंनी भरलेला असे, तो जखम पिकवी, पिकलेल्या जागी रक्तवाहिनी फुटे आणि बरा होत आलेला रोगी आठदहा दिवसांनी एकाएकी रक्त जाऊन मरे. दोरा जितका बळकट, तितका तो जंतूंचे घर होऊन आत टिके. आजीच्या गोधडीचा न्याय माणसाच्या मांसाला लागू पडत नव्हता, तो असा.

ही गाठ सोडवली जोसेफ लिस्टर याने. जखमा पिकण्याचे कारण सूक्ष्म जंतू आहेत आणि कार्बोलिक ॲसिडाने त्यांना मारता येते, हे त्याने १८६७ साली दाखवून दिले होते. पुढचा प्रश्न दोऱ्याचा. जनावराच्याच अंगापासून केलेला दोरा जंतुरहित करून आत ठेवला, त्याची टोके तोडून टाकली आणि वरून कातडी मिटली, तर शरीर त्याचे काय करील? ३१ डिसेंबर १८६८ या दिवशी, सारा देश नववर्षाची वाट पाहत असताना, लिस्टरने एका वासराला गुंगी देऊन त्याच्या मानेतली मोठी रक्तवाहिनी दोन जागी बांधली. एका जागी बैलाच्या पोटातील पडद्याच्या पट्ट्यांचा पीळ, दुसऱ्या जागी आतड्याची बारीक तात. दोन्ही कार्बोलिकमध्ये मुरवलेल्या. महिन्याने पाहतो तो रक्तवाहिनी पक्की बंद, पू नाही, आणि दोऱ्यांच्या जागी जिवंत मांसाचे वेढे. शरीराने दोरा हळूहळू खाल्ला होता, आणि खाता खाता त्या जागी स्वतःचे तंतू विणले होते. १८६९ साली लिस्टरने हे प्रसिद्ध केले आणि लोंबत्या टोकांचे युग संपू लागले.

मी वर 'तात' हा शब्द मुद्दाम वापरला. इंग्रजीत या दोऱ्याला कॅटगट म्हणतात, आणि त्यावरून तो मांजराच्या आतड्याचा असावा असे पुष्कळांना वाटते. मांजराचा त्याच्याशी काही संबंध नाही. मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्याचा एक पातळ थर सोलून, त्याच्या पट्ट्यांना पीळ देऊन, ताणून आणि वाळवून हा दोरा करतात. आपल्याकडे ही वस्तू घरोघर माहीत होती. दिवाळीपूर्वी गाद्या पिंजायला पिंजारी येई, त्याच्या धनुकलीला जी लावलेली असे ती तात. तिचा टणत्कार ऐकून आम्ही पोरे गल्लीच्या टोकापर्यंत धावत असू. सारंगीच्या मुख्य तारा म्हणून ज्या ओळखल्या जातात त्याही खरे पाहता तारा नव्हेत, तातच.

तातेचे हे दोन्ही संसार ज्या गावात शेजारी शेजारी नांदले ते गाव मिरज. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगारांच्या घराण्यांनी तलवारींना धार लावण्याचे काम मागे पडल्यावर सतारी आणि तंबोरे घडवायला घेतले. त्या कारागिरीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या गावात गायन-वादनाची अशी उपासना चाले, त्याच गावात १८९४ साली विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरने रुग्णालय उघडले, आणि दूरदूरच्या खेड्यांतून बैलगाडीने रोगी तिथे शस्त्रक्रियेसाठी येऊ लागले. त्या काळच्या शस्त्रवैद्याच्या हाती दोरे मुख्यतः दोन: बाहेरच्या कातडीला रेशीम आणि आतल्या कामाला तात. गवयाच्या साथीला बसलेली तात आणि रोग्याच्या पोटात गेलेली तात एकाच कुळातली. पण दोघींचा धर्म वेगळा. सारंगीची तात जितकी वर्षे टिकेल तितकी बरी. पोटातली तात वेळेवर गेली पाहिजे.

आणि 'वेळेवर' हाच शब्द कठीण होता. साधी तात शरीर पचवते, अगदी आपण मटण पचवतो तशी, पाचक रसांसारख्या द्रव्यांनी. आठदहा दिवसांत तिचे बळ उतरते. कातडीला हे पुरते. पण पोटाचे जाड आवरण सांधायला काही आठवडे लागतात. मग लिस्टरनेच तातेला क्रोमियमच्या क्षारात मुरवले, म्हणजे चामडे कमावणाऱ्याची युक्ती दोऱ्याला लावली. कमावलेली तात दोन ते तीन आठवडे दम धरी. तरी अडचणी राहिल्याच. एका जनावराचे आतडे दुसऱ्यासारखे नसते. एका रोग्याची पचनशक्ती दुसऱ्यासारखी नसते. ताप असला, जखम पिकली, की दोरा मुदतीआधी विरे आणि आजीला वाटले तसे पोट खरोखरच उसवे. आजीची भीती खुळी नव्हती, हे मला इथे कळले. शिवाय जनावरांच्या रोगाचे भय होतेच. युरोपात गुरांच्या मेंदूच्या रोगाचा बोभाटा झाल्यावर २००१ च्या सुमारास तिथे तातेचा वापर बंद करण्यात आला.

तातेला पर्याय सापडला तो एका टाकाऊ मालात, आणि या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. १९३० नंतरच्या वर्षांत अमेरिकेत वॉलेस कॅरॉथर्स हा रसायनशास्त्रज्ञ कृत्रिम धागा शोधत होता. पॉलिएस्टर वर्गातले काही धागे त्याच्या हाती आले, पण ते कमी उष्णतेत वितळत, आणि पाण्याच्या संगतीत त्यांची साखळी तुटू लागे. धुतल्यावर जे टिकत नाही ते वस्त्र कोण घेणार? त्याने ते बाजूला सारले, दुसरी वाट धरली, आणि १९३५ साली नायलॉन जन्मले.

तीसेक वर्षांनी अमेरिकेतल्याच दुसऱ्या कंपनीत एडवर्ड श्मिट आणि रॉको पॉलिस्टिना यांनी त्या बाजूला सारलेल्या जातीतल्या एका द्रव्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. पाण्यात तुटतो हा दोष पातळाला, टाक्याला तर हाच गुण! पॉलीग्लायकॉलिक ॲसिडाच्या या दोऱ्याचे पेटंट १९६७ साली मिळाले आणि १९७० च्या सुमारास 'डेक्सॉन' या नावाने तो बाजारात आला. १९७४ साली त्याच कुळातला 'व्हिक्रिल' आला. त्यात नऊ भाग ग्लायकॉलिकचे आणि एक भाग लॅक्टिकचा. लॅक्टिक ॲसिड म्हणजे दह्याला आंबटपणा आणणारे आम्ल. आपण धावलो की आपल्या स्नायूंतही ते तयार होते. शरीराला ते परके नाही. हा दोरा पचवावा लागत नाही. अंगातल्या पाण्याने त्याच्या कड्या एकेक करून सुटतात, आणि पाणी सर्वांच्या अंगात सारखेच असते. म्हणून त्याची मुदत बरीच नेमकी सांगता येते: दोन आठवड्यांनी सुमारे तीन चतुर्थांश बळ, तीन आठवड्यांनी निम्मे, आणि दोन ते सव्वादोन महिन्यांत दोरा नाहीसा. अशा दोऱ्याला दमट हवाही सोसत नाही. म्हणून तो वर्खाच्या कोरड्या पुडीत बंद असतो, आणि आमच्या कोकणातल्या पावसाळ्यात तर ती पुडी वेळेपूर्वी फोडून चालतच नाही.

जे दोऱ्याचे, तेच हाडाच्या खिळ्याचे होईल काय? मोडलेले हाड जोडण्यासाठी घातलेली पोलादी पट्टी पुढे काढायची तर दुसरी शस्त्रक्रिया. १९६६ साली अमेरिकेतल्या शस्त्रवैद्यांच्या एका नियतकालिकात एक लेख आला. विषय होता शरीरात बसवण्याच्या वस्तूंसाठी पॉलीलॅक्टिक ॲसिडाचा उपयोग. त्याच्या चार लेखकांत पहिले नाव आहे आर. के. कुलकर्णी. आपल्या कानाला इतके ओळखीचे नाव तिथे पाहून मी क्षणभर थबकलो. या मंडळींनी ते द्रव्य गिनिपिगांच्या आणि उंदरांच्या अंगात ठेवून पाहिले. त्याचा अपाय झाला नाही, ते सावकाश विरत गेले. आज जगभर विरघळणारे स्क्रू, पट्ट्या आणि खिळे वापरले जातात, त्यांच्या इतिहासात हा लेख पहिल्या पायऱ्यांपैकी एक मानतात.

सगळेच प्रयोग असे सरळ गेले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्बँ लाँबॉट या बेल्जियन शस्त्रवैद्याने मोडलेल्या पायात मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली. दोन धातू आणि मध्ये शरीरातले खारे पाणी, म्हणजे विजेची बॅटरीच झाली. आठ दिवसांत पट्टीचा भुगा झाला आणि कातडीखाली वायू साठला. त्याच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा स्क्रू २०१३ साली युरोपात मान्य झाला, म्हणजे धातूला शहाणे व्हायला शंभर वर्षे लागली. आणि परवाचीच गोष्ट. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायचा विरघळणारा स्टेंट एका मोठ्या कंपनीने काढला. त्याला अमेरिकेत २०१६ साली परवानगी मिळाली. पण धातूच्या स्टेंटपेक्षा त्यात रक्ताच्या गुठळ्या अधिक होतात असे दिसून आले, आणि २०१७ साली कंपनीने त्याची विक्री थांबवली. पुढे २०२४ साली त्याच घराण्यातला सुधारलेला स्टेंट तिथे गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्यांसाठी मान्य झाला. विरघळणारे ते सारे चांगले, असे नाही. जे धरायचे ते सांधेपर्यंत धरले पाहिजे, आणि जाताना त्याने काही इजा करता कामा नये. या दोन्ही अटी पाळणे महाकठीण.

एवढे वाचून झाल्यावर मी आजीकडे गेलो. तिला ग्लायकॉलिक ॲसिड कसे सांगणार? पण आमच्या बेलपाड्याभोवती सिडकोने शहर वसवले, ज्या खाचरांत आजीने भात लावला तिथे तिच्या डोळ्यांदेखत इमारती उठल्या. म्हणून म्हटले, "आजी, नवीन स्लॅब टाकला की खाली बांबू-बल्ल्या लावतात, पाहिलंय ना? स्लॅब पक्का झाला की त्या काढतात. त्या बल्ल्यांवर कुणी घर उभं ठेवत नाही. टाका म्हणजे ती बल्ली. पोट आपलं आपण सांधतं. टाका फक्त तोवर टेकू देतो. ही बल्ली तेवढी आपल्या पायांनी निघून जाते."

आजी विचार करून म्हणाली, "मग गोधडीचं निराळं. गोधडी काही स्वतःला सांधत नाही."

माझ्या दीड महिन्याच्या वाचनाचे सार तिने एका वाक्यात सांगितले होते. मेलेल्या कापडाला कायमचा दोरा हवा. जिवंत मांसाला मदतीचा दोरा हवा, आणि मदत संपली की तो निघून गेला पाहिजे. लिस्टरच्या वासराने जगाला शिकवले ते हेच.

सूनबाई बरी झाली. बाळाचे बारसे झाले, आता ते अंगणभर रांगते. टाके केव्हा विरले ते कुणाला कळलेसुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. १७९४ च्या त्या लंडनच्या मासिकात रोग्याचे नाव आहे. पाहणाऱ्या दोन डॉक्टरांची नावे सांगतात, चित्रकाराचे सांगतात, विलायतेत अनुकरण करणाऱ्याचे तर पुस्तकच आहे. ज्याच्या हाताने नाक घडले त्याची फक्त जात लिहिली आहे. त्याला कुणी नाव विचारले नाही. त्याची विद्या लिहून घेणारा शिष्य आपल्या पुण्यात, शास्त्री-पंडितांच्या आणि वैद्यांच्या त्या नगरीत, निघाला नाही. वीस वर्षांनी तो शिष्य निघाला लंडनमध्ये. दोष इंग्रजांना देऊन भागत नाही. त्यांनी निदान पाहिले आणि लिहून ठेवले. कुंभाराच्या हातून शिकायचे असते हे आपल्या पोथ्यांच्या मंडळींना वाटले नाही. चिखलाच्या हाताने केलेली शस्त्रक्रिया त्यांच्या लेखी शास्त्र नव्हती. जिथे आपट्याची साल, गुळवेलीचे तंतू आणि मुंगळ्याचा जबडा इतक्या बारकाईने लिहून ठेवणारे लोक होते, तिथेच पुढे हाताने काम करणारा आणि लिहिणारा यांच्यातला टाका उसवला, आणि तो सांधायला कुणी बसले नाही. दोरा विरावा हे ठीक. माणसाचे नाव आणि त्याची विद्या विरावी हे ठीक नाही.

यंदा दसऱ्याला वर्गातल्या मुलांनी रिवाजाप्रमाणे माझ्या हातावर आपट्याची पाने ठेवली. मी त्यांना त्या झाडाच्या सालीची गोष्ट सांगितली, आणि मग पुण्याच्या कुंभाराची. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, त्याचं नाव काय होतं?"

फळ्यावर मी कावसजी, क्रूसो, फिंडले, वेल्स, कार्प्यू अशी नावे लिहिली होती. त्यांच्या वर एक ओळ कोरी सोडली, आणि तास संपेपर्यंत ती तशीच ठेवली.